गोंगमापांची पांढरी भिंत

भिंत पांढरी झाली तेव्हा यांगस्किटला पहिल्यांदा ते घर आपलं वाटलं.

सुगी संपल्यापासून ती भिंत तिच्या डोळ्यांत सलत होती. दक्षिणेकडे तोंड करून उभी, हातभर जाड मातीची, आणि वरपासून खालपर्यंत काळी ठिक्कर. चोरोलने, तिच्या धाकट्या लेकीने, स्वतःच्या हातांनी काजळी कालवून ती रंगवली होती. रस्त्याने येणाऱ्याला घराआधी भिंतच दिसायची. लोसार चार दिवसांवर आलेला, नव्या वर्षाचा सण. सुनेच्या कुशीत महिन्याचं बाळ. आणि घराचं तोंड असं काळं! लग्न होऊन रांगत्सेत आल्यापासून एकही लोसार यांगस्किटने चुन्याशिवाय जाऊ दिला नव्हता. ज्या साली सासरा गेला त्या सालीसुद्धा नाही.

चोरोल कालच वर रांगत्सेला, जुन्या गावी, गेली होती, बापाला आणायला. जाताना बजावून गेली होती, "आमा, उद्या सुतार भिंतीपुढे काचा बसवायला येईल. त्याआधी भिंत नुसती ओल्या फडक्याने पुसून घे. धूळ राहिली तर ती आतच अडकेल."

यांगस्किटने पुसली. पुसता पुसता तिला वाटलं, एवढे हात भरवलेच आहेत तर उरलेलं तरी का सोडा? लाडोलला, सुनेला, तिने पाणी तापवायला सांगितलं, चुना कालवला, आणि दुपारचं ऊन अंगणात होतं तोवर दोन हात मारून मोकळी झाली.

आज सकाळी सुतार आला तो शिडी खांद्यावर घेऊन नुसता बघतच राहिला.

"आमाले, चोरोल म्हणाली होती भिंत काळी आहे."

"होती."

"मग आता?"

"आता लोसार आहे. तू काचा बसव बाबा. भाजीच्या काचघरात ऊन कोंडतं ना? तिथे कोण भिंती काळ्या करायला जातं? काच लागली की उन्हाला जायला वाट कुठली?"

सुताराला अजून तीन घरांची कामं उरकायची होती. त्याने चौकटी ठोकल्या, काचा सरकवल्या, कडांच्या फटी लांबीच्या लगद्याने भरल्या आणि चहा पिऊन गेला. मागे राहिली ती चकचकीत काच आणि तिच्याआडची दुधासारखी भिंत. यांगस्किट बाळाला घेऊन समोर उभी राहिली. "बघ, तुझे मेमे, तुझे आजोबा, येणार आहेत. घर कसं हसतंय बघ," ती म्हणाली.

या येण्यावर पुष्कळ काही अवलंबून होतं. रांगत्सेच्या डोक्यावरची गांगरी, डोंगराच्या खांद्यावर निजलेली ती बर्फाची नदी, वर्षांमागून वर्षं आक्रसत गेली होती. गेल्या उन्हाळ्यात तिच्यातून गुडघाभर ओढासुद्धा आला नाही. जव वीतभर वाढला आणि करपला. एकेक घर खाली उतरलं, या थांगसरच्या माळावर, मोठ्या नदीच्या काठाला. उरलं ते एकच घर, गोंगमापांचं, गावातलं सगळ्यात वरचं. गांगरीचं पाणी सगळ्यांच्या आधी त्यांच्या पाटात उतरायचं आणि म्हणून गावाच्या देवाची सेवाही त्यांच्याकडे होती. तुंडुप, यांगस्किटचा नवरा आणि घरातला कर्ता, अडून बसला होता. देव हलत नाही तोवर आपण हलणार नाही, म्हणाला. शेवटी चोरोलने त्याच्याकडून एक शब्द काढून घेतला होता. लोसारच्या आधी खाली येऊन तिने बांधलेल्या नव्या घरात तीन रात्री राहायचं. शेगडी न पेटवता घर उबदार राहिलं तर देव खाली आणायचा. नाही राहिलं तर हिवाळा वरच काढायचा, एकट्याने.

त्या वयात, त्या थंडीत, एकट्याने हिवाळा म्हणजे काय, ते घरात कुणीच मोठ्याने बोललं नव्हतं.

*

उन्हं कलताना दोन माणसं वळणावर दिसली. पुढे तुंडुप, पाठीवर टोपली, चाल अजून शेळीसारखी. मागे चोरोल. वळण संपलं आणि चोरोलचे पाय जागीच थांबले. बाप पुढे चालत आला. ती तिथेच.

"काय गं, काय झालं?" यांगस्किटने हाक मारली.

चोरोल धावत आली. तिने काचेला दोन्ही तळवे लावले, आत बघितलं, मग आईकडे.

"आमा, हे काय केलंस?"

"सणाला चुना लावला. त्यात काय?"

"भिंत काळी कशाला केली होती मी? हौस म्हणून?"

"काळी भिंत बाळंतघराला शोभत नाही."

"आणि बाळाच्या नाकावर काजळीचा ठिपका लावतेस तो शोभतो?"

"तो दृष्ट लागू नये म्हणून असतो, शहाणे."

"आणि ही थंडी लागू नये म्हणून होती!"

आवाज ऐकून रिगझिन बाहेर आला. थोरला मुलगा, लेहला त्याचं पाहुण्यांचं हॉटेल. सणासाठी गाडी घेऊन आला होता, आणि गाडीत लोखंडी बुखारी, नळीची बंद शेगडी, आणि कोळशाची पोती, लागलीच तर म्हणून. त्याने भिंतीकडे बघितलं आणि हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही.

"घ्या! लेहच्या शाळेत शिकून आलेल्या बाईसाहेबांचं घर एका चुन्याच्या बादलीने आडवं झालं. मी म्हणत होतो सिमेंटचं बांधू. त्याला काळं करा, पांढरं करा, काही फरक पडत नाही."

"नाहीच पडत. ते दोन्ही रंगात गारच असतं," चोरोल भावाला म्हणाली. "तुझ्या हॉटेलात पाहुणे टोप्या घालून जेवतात, आचो."

"जेवतात आणि पैसे देतात. प्रत्येक खोलीत शेगडी आहे माझ्या."

"आणि धुराडंही आहे. तो धूर जातो कुठे, कधी बघितलंस?"

"झालं सुरू! माझ्या एका धुराड्याने गांगरी वितळली, असंच ना?"

"तुझ्या एकाच्या नाही."

तुंडुप एवढा वेळ टोपली खाली ठेवून अंगणात उभा होता. त्याने नातवाचं डोकं हुंगलं आणि वाकून आत गेला.

*

आत सगळे चुलीभोवती बसले. फक्त चहापुरती आग. तसा शब्दच होता. भिंतीला टेकून बसायची जागा तुंडुपसाठी मोकळी ठेवली होती, उन्हाच्या भिंतीला. दिवसभर तापून तिने आता आत ऊब सोडायला हवी होती. तुंडुप टेकला, मग हळूच पुढे सरकून बसला. यांगस्किटने ते बघितलं. त्याच्या पाठीला गार लागलं होतं.

"भिंत नवी आहे," ती घाईने म्हणाली. "सवय व्हायला वेळ लागेल तिला."

चोरोल पेला हातात धरून खाली बघत होती. मग लाडोल, जी या घरात क्वचितच आधी बोलायची, बाळाला थोपटत म्हणाली, "आबाले, चुना मी लावला. आमाले नको म्हणत होत्या."

यांगस्किटने चमकून तिच्याकडे बघितलं. रिगझिननेही.

तुंडुप थोडा हसला. "सूनबाई, आपल्याकडे बाळंतिणीला शिडीवर कधीपासून चढवायला लागले?"

लाडोलची मान खाली गेली.

"मीच लावला," यांगस्किट म्हणाली. "मला वाटलं काच लागली की झालं. तुम्ही याल आणि समोर काळं तोंड बघाल, ते मला बघवेना."

तुंडुपने चहाचा घोट घेतला. तो रागावेल म्हणून ती वाट बघत होती. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो गावातल्या पोरांना पाट कसा वळवायचा ते दाखवायचा त्याच आवाजात बोलला.

"यांगस्किट, वसंतात शेतावर बर्फ असतो. तो लवकर जावा म्हणून आपण त्यावर काय पसरतो?"

"माती."

"कसली?"

"काळी. हिवाळाभर गोठ्यात कोरडी ठेवलेली."

"पांढरी का नाही?"

यांगस्किटच्या हातातला चमचा थांबला. लहान सून होती तेव्हापासून दरवर्षी ती सुपाने काळी माती बर्फावर उधळत आली होती. जिथे माती पडेल तिथला बर्फ आधी जाई, जिथे पडली नाही तिथे पांढरा डाग मागे राही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. काळं ऊन पितं. पांढरं परत पाठवतं. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि काल हातात कुंचा होता तेव्हा यातलं काहीच आठवलं नव्हतं.

"मला सुचलं नाही," ती म्हणाली.

"मला तरी कुठे सुचलं?" तुंडुप म्हणाला. "वीस-पंचवीस वर्षं मी गांगरीवर जातोय नैवेद्य घेऊन. पूर्वी डोळ्यांवर हात धरावा लागायचा, इतकी पांढरी. मग राखाडी झाली. आता जे काही उरलंय ते रस्त्यावरच्या बर्फासारखं मळकट. मी म्हणायचो, देव रागावला. अगं, आपण शेतावर माती टाकतो ती लवकर पेरणी व्हावी म्हणून. गांगरीवर कुणी, काय पेरायला टाकली?"

बुखारी अजून गाडीतच होती. पण बाळ शिंकलं, लाडोलने त्याला शालीत आणखी गुंडाळलं, आणि रिगझिन उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने बुखारी घेऊन आला. चोरोलनेच तिची नळी खिडकीत बसवायला मदत केली. कोळसा पेटला. खोली तापली. शब्द मोडला होता, आणि ते सगळ्यांना कळलं होतं.

*

सकाळी बुखारी विझलेली होती. दाराजवळच्या हंड्यातलं पाणी वरून गोठलं होतं. तुंडुपने बोटाने टकटक करून बघितलं, आणि टोपली पाठीला लावली.

"तीन रात्री ठरल्या होत्या, आबाले," रिगझिन म्हणाला.

"जनावरं वर एकटी आहेत."

"मग माझ्याबरोबर लेहला चला. जनावरांची सोय करू. हे घर राहू दे. तिथे तरी गरम आहे."

"तिथे मी तुझ्या पाहुण्यांबरोबर टोपी घालून जेवू?"

एरवी चोरोल हसली असती. आज तिचे डोळे लाल होते. "घर तापलं असतं, आबाले. शपथेवर सांगते. दोन दिवस कडक ऊन पडलंय. भिंत काळी असती तर तुम्ही काल शर्टावर बसला असतात."

"असतं," तुंडुप म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय? पण 'असतं'वर देव आणता येत नाही, बाळा."

"मग आम्ही रंगवतो परत! काचा काढून!"

"या थंडीत रंग वाळतो कधी? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी हे शब्द त्याने इतक्या सहज उच्चारले की यांगस्किट जागची उठली. त्याच्याकडे पुढचं वर्ष आहे की नाही, हे मोजणंच त्याने सोडून दिलं होतं. खोलीच्या कोपऱ्यात तिची गाठोडी होती. बाळंतपणासाठी उतरली तेव्हा आणलेली, अजून पुरती उलगडलीही नव्हती. तिने त्यातलं एक उचललं.

"लाडोल, हे घर आता तुझं. रिगझिन थोरला आहे, त्याला मूल झालंय. मोठं घर थोरल्याने घ्यायचं आणि म्हाताऱ्यांनी धाकट्या घरात जायचं, ही आपली रीत आहे. मी फार उशीर केला."

"कुठलं धाकटं घर?" रिगझिन म्हणाला. "इथे एकच घर आहे."

"रांगत्सेचं."

कुणाला आधी कळलंच नाही. रांगत्सेचं घर, दोन मजल्यांचं, गावातलं सगळ्यात मोठं, ज्याच्या नावाने सगळं कुळ ओळखलं जायचं, त्याला ती धाकटं घर म्हणत होती.

"आमा, डोकं ठिकाणावर आहे का? वर ना पाणी, ना माणूस."

"माणूस आहे एक."

"तू नको येऊस," तुंडुप पहिल्यांदाच जरा जोरात बोलला.

"मी तुम्हाला विचारलं नाही, मेमेले. सांगितलं."

लाडोल रडायला लागली. "बाळाला तेल कोण लावणार?"

"तू. शिकवलंय ना? पायांपासून वर, उलटं नाही." यांगस्किटने बाळाच्या पायाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. जास्त वेळ ठेवला असता तर निघवलं नसतं.

रिगझिन दारात उभा होता, वाट अडवून. मग बाजूला झाला. अंगणात जाऊन त्याने काचेच्या कडेला नख घातलं.

"नोमो, ही लांबी अजून मऊ आहे," तो बहिणीला म्हणाला.

"थंडीत वाळते कुठे?" चोरोल म्हणाली.

"मग काचा निघतील."

"फुटतील."

"फुटू देत. लेहहून आणीन. दुपारी या भिंतीवर हात ठेवला तर ऊन जाणवतं. तेवढ्या वेळात थोडं थोडं करू. रोज एक तुकडा." तो जरा थांबला. "काजळी कुठून आणायची पण?"

"तुझ्या बुखारीच्या नळीत बघ."

रिगझिनने बहिणीकडे बघितलं. हसला नाही. नळी काढायला आत गेला.

*

चढण लांब होती. दोन्ही बाजूंना ओसाड शेतं, दगडी बांध, आणि मध्ये कोरडा पाट, त्यात वारा वाळू ओढत नेत होता. तुंडुप मधूनमधून थांबायचा, ती पोचेपर्यंत, आणि ती पोचली की काही न बोलता पुढे व्हायचा. एकदाच म्हणाला, "पाय दुखतात का?"

"दुखतात."

"चांगलं आहे. परत जाशील."

"तुमचेही दुखतात. तुम्ही गेलात का?"

गावाच्या वेशीशी पूर्वी कुत्री अंगावर यायची. आता आलं नाही कुणी. दारं दगड लावून बंद केलेली, छपरांवरचं गवत उडून गेलेलं. वरच्या घराशी पोचेपर्यंत ऊन डोंगराआड गेलं होतं. तुंडुप जनावरांकडे गेला. यांगस्किट चुलीपाशी आली तेव्हा तिला तिथे एकच भांडं दिसलं, आणि त्यात करड्या बर्फाची ढेप. शेजारी एक फडकं. फडक्यावर काळा थर, दह्यावरच्या सायीसारखा जाड.

म्हणजे ओढा पुरताच बंद झाला होता. हा माणूस कुठूनतरी बर्फ वाहून आणत होता, वितळवत होता, गाळत होता, आणि यातलं अवाक्षरही त्याने खाली कळवलं नव्हतं, परवा मुक्कामाला आलेल्या चोरोललासुद्धा काही दिसू दिलं नव्हतं.

ती जिना चढून देवघरात गेली. या घरात कुणी आजारी असो, कुणी मेलं असो, रोज सकाळी देवापुढे सात वाट्या पाण्याने भरायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या करून पालथ्या घालायच्या, यात कधी खंड पडला नव्हता. वाट्या पालथ्याच होत्या. काल घर सोडताना घातल्या असतील, तिला वाटलं. तिने एकीच्या बुडावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. पुष्कळ दिवसांची.

जिन्यावर पावलं वाजली. तुंडुप दारात येऊन उभा राहिला. तिच्या बोटाकडे त्याने बघितलं.

"मळकं पाणी देवाला कसं द्यायचं?" तो म्हणाला. "आणि चांगलं मिळत नाही."

"कधीपासून?"

तुंडुप उंबऱ्यावर बसला.

"देवाला पाणी नाही, आणि तुम्ही म्हणता देव हलत नाही म्हणून मी हलत नाही?"

"म्हणूनच तर," तुंडुप म्हणाला. "पाणी तर देत नाही मी त्याला. वर सोडूनही कसा जाऊ? एकटा पडेल तो इथे."

यांगस्किट उठून खाली गेली. ढेप चुलीवर ठेवली, पाणी झालं तसं गाळलं, पुन्हा गाळलं, फडकं बदलून तिसऱ्यांदा गाळलं. जे उरलं ते एका वाटीपुरतं होतं, आणि तेही पुरतं नितळ नव्हतं. ते घेऊन ती जपून वर आली.

"खाली भिंत काळी झाली की पोरं निरोप धाडतील," ती म्हणाली. "मग याला घेऊन उतरायचं. तुम्ही पुढे, मी मागे."

"आणि तोवर?"

"तोवर एक वाटी."

तिने मधली वाटी उताणी केली, शालीच्या टोकाने पुसली, आणि पाणी ओतलं. बाकीच्या सहा वाट्यांना तिने हात लावला नाही.